परतीची वाट सापडलेले दलाई लामा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. नॉर्गेलिंग हे तिचे नाव. १९७२ साली ती वसली तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि सरकारी दप्तरातील पत्ता बदलला. परंतु निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या नोंदींत ही वसाहत अद्यापही भंडाऱ्याचीच म्हणून ओळखली जाते. हिमालयाच्या पलीकडून आलेल्या, सातूच्या पिठावर वाढलेल्या या लोकांनी झाडीपट्टीच्या उन्हात धानाच्या बांध्या कसायला घेतल्या. हिवाळा आला की भारतातील इतर तिबेट्यांप्रमाणे लोकरी कपड्यांचे गठ्ठे घेऊन शहरांची वाट धरायची, पेरणीला परतायचे, असा त्यांचा शिरस्ता पडला. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ही वसाहत कायमची नव्हे, एक दिवस मायदेशी जायचे आहे, ही भावना.

देशोधडीला लागलेल्या समाजाला परतीचे आश्वासन कोणी द्यावे, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले आणि यहुद्यांना बंदी करून नेले. त्या काळात यिर्मया या संदेष्ट्याने बाबिलोनमधील आपल्या बांधवांना एक पत्र धाडल्याचे बायबलमध्ये नमूद आहे. परक्या भूमीत घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलाबाळांची लग्ने करावीत, ज्या नगरात राहावे लागत आहे त्याचे भले चिंतावे आणि सत्तर वर्षांनंतर ईश्वर आपल्याला स्वभूमीत परत नेईल असा विश्वास बाळगावा, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे जखऱ्या या संदेष्ट्याने परतलेल्या नगरीचे जे चित्र रंगविले त्यात ना सुवर्ण आहे, ना विजयोत्सव. काठी टेकीत रस्त्याकडेला बसलेली म्हातारी माणसे आणि तेथेच खेळणारी मुले, एवढेच आहे. इसवी सनापूर्वी ५३८ च्या सुमारास इराणच्या सायरस सम्राटाने परतीची परवानगी दिली आणि ती भाकिते खरी ठरल्याची श्रद्धा रुजली. याच श्रद्धेच्या बळावर आपल्या कोकणातील शनवार तेली, म्हणजेच बेने इस्राएली मंडळींपैकी बहुसंख्य १९४८ नंतर मराठी भाषेसह इस्रायलला जाऊन स्थायिक झाली.

तिबेटी लोकांनाही या कथेचे महत्त्व पुरेपूर ठाऊक आहे. १९९० साली चौदाव्या दलाई लामांनी काही ज्यू विद्वानांना धरमशाला येथे मुद्दाम बोलावून घेतले. शतकानुशतके देशाबाहेर राहून एखादा समाज आपली ओळख कशी टिकवितो, याचे रहस्य त्यांना जाणून घ्यायचे होते. परंतु परतीचा एक दाखला तिबेटच्या स्वतःच्या इतिहासातही आहे, आणि तो फार दूरचा नाही. तेरावे दलाई लामा थुब्तेन ग्यात्सो यांना दोनदा देश सोडावा लागला आणि दोन्ही वेळा ते ल्हासाला परतले. त्यांतील दुसरा वनवास भारतातच घडला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपल्या प्रजेला उद्देशून जो इशारा लिहून ठेवला, तो तर यिर्मयाच्या जातकुळीचाच म्हणावा लागेल.

थुब्तेन ग्यात्सो यांचा जन्म १८७६ साली, ल्हासाच्या आग्नेयेस असलेल्या दाग्पो प्रांतातील लांगदुन या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. बाराव्या दलाई लामांचा अवतार म्हणून त्यांची निवड झाली आणि १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसऱ्या वर्षी, पोताला राजप्रासादात त्यांना गादीवर बसविण्यात आले. ही गादी त्या काळी मानाची तितकीच धोक्याची होती. नववे, दहावे, अकरावे आणि बारावे असे सलग चार दलाई लामा बाविशीच्या आतच मरण पावले होते. प्रत्यक्ष सत्ता राजप्रतिनिधींच्या हाती राहावी यासाठी त्यांचा काटा काढला गेला असावा, असा संशय इतिहासकारांनी वारंवार व्यक्त केला आहे. सुमारे ७० वर्षे एकाही दलाई लामाला धडपणे राज्य करता आले नाही, ही वस्तुस्थिती मात्र निर्विवाद आहे.

तेरावे वाचले. १८९५ साली त्यांनी कारभार हाती घेतला आणि चार-पाच वर्षांतच त्यांच्या जिवावर उठलेले एक कारस्थान उघडकीस आले. माजी राजप्रतिनिधी देमो यांच्या माणसांनी एका लामाला भेट दिलेल्या बुटांच्या तळव्यात दलाई लामांच्या नावाने लिहिलेला जारणमारणाचा मंत्र शिवलेला सापडला. आजच्या वाचकाला हा प्रकार हास्यास्पद वाटेल. ल्हासात तो राजद्रोह होता. देमो कैदेत पडले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. तरुण राजा आता कोणाच्या हातचे बाहुले राहिलेला नव्हता.

बाहेरचे जग मात्र त्यांना अजून उमगायचे होते. एकीकडे चीनच्या मांचू सम्राटाचे नाममात्र आधिपत्य, दुसरीकडे दक्षिणेला हिंदुस्थानातील इंग्रज, आणि उत्तरेला रशिया. दलाई लामांच्या निकटवर्तीयांत आग्वान दोर्जिएव्ह नावाचा एक बुर्यात भिक्षू होता, रशियाच्या झारचा प्रजाजन. तो त्यांचा संदेश घेऊन झारच्या दरबारी गेल्याचे कळताच व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अस्वस्थ झाला. त्याने दलाई लामांना पाठविलेली पत्रे न फोडताच परत आली होती. एका साम्राज्याच्या प्रतिनिधीला इतका अपमान पुरेसा असतो. १९०३ च्या अखेरीस कर्नल फ्रान्सिस यंगहजबंड सैन्यासह तिबेटच्या हद्दीत शिरला. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या गावाजवळ जे घडले त्याला लढाई म्हणणे जड जाते. तोडीच्या बंदुका आणि तलवारी घेऊन उभ्या असलेल्या तिबेट्यांवर मॅक्सिम तोफा चालल्या आणि काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसे पडली. ऑगस्टच्या आरंभी ब्रिटिश फौज ल्हासात पोहोचली, तेव्हा दलाई लामा तेथे नव्हते.

चार महिन्यांचा प्रवास करून ते मंगोलियातील उर्गा, म्हणजे आजच्या उलान बातर येथे पोहोचले. त्यांच्या पश्चात ७ सप्टेंबर १९०४ रोजी इंग्रजांनी पोतालामध्ये तह लादला. त्यातील ७५ लाख रुपयांची खंडणी पुढे २५ लाखांवर आणण्यात आली. मंगोल भाविकांनी दलाई लामांचे अपूर्व स्वागत केले खरे, परंतु तेथील धर्मप्रमुखाला हा भाविकांचा ओघ रुचला नाही. पाहुणा कितीही थोर असला तरी तो किती दिवस राहणार, हा प्रश्न यजमानाच्या मनात येतोच. निर्वासिताचे हे पहिले शिक्षण त्यांना उर्ग्यात मिळाले.

दुसरे शिक्षण पेकिंगमध्ये मिळाले. १९०८ साली ते सम्राटाच्या भेटीस गेले. पूर्वीच्या पाचव्या दलाई लामांचे स्वागत बरोबरीच्या नात्याने झाल्याचे तिबेटी लोक मानीत. तेराव्यांना मात्र साष्टांग दंडवताची अट घालण्यात आली. बऱ्याच वाटाघाटींनंतर गुडघे टेकण्यावर तडजोड झाली. त्यांना जी नवी पदवी बहाल करण्यात आली तिच्यात निष्ठावंत आणि आज्ञाधारक अशी विशेषणे होती. त्यांचा मुक्काम तेथे असतानाच नोव्हेंबरमध्ये सम्राट ग्वांगशू आणि सम्राज्ञी त्सिशी हे एका दिवसाच्या अंतराने निवर्तले. मांचू घराणे अखेरच्या घटका मोजीत होते, हे त्या चाणाक्ष भिक्षूने जवळून पाहिले. पाच वर्षांहून अधिक काळ भटकंती करून डिसेंबर १९०९ मध्ये ते ल्हासाला परतले.

हा परतीचा आनंद दोन महिनेही टिकला नाही. पूर्व तिबेटात मठ जाळीत पुढे सरकलेल्या झाओ एरफेंग याच्या मोहिमेतील चिनी फौज १२ फेब्रुवारी १९१० रोजी ल्हासात घुसली. त्याच रात्री दलाई लामा काही मंत्र्यांसह पुन्हा निघाले, या वेळी दक्षिणेकडे. ब्रह्मपुत्रेवरील चाकसाम येथील उतारावर त्यांच्या एका तरुण सेवकाने मूठभर माणसांनिशी पाठलागावरील चिनी तुकडी रोखून धरली. पुढे त्सारोंग या नावाने तिबेटचा सरसेनापती झालेला तो हाच. बर्फाळ खिंड ओलांडून सिक्कीमच्या हद्दीत आल्यावर या थकल्याभागल्या राजाला पहिला आसरा मिळाला तो तारघरातील ब्रिटिश सैनिकांच्या निवासात. ज्या इंग्रजांपासून जीव वाचवून सहा वर्षांपूर्वी ते उत्तरेस पळाले होते, त्यांच्याच दारात आता ते उभे होते.

चीन सरकारने तत्काळ फर्मान काढून त्यांना पदच्युत केले. दार्जिलिंगमध्ये त्यांची राहण्याची सोय झाली आणि मार्चमध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्याशी भेटही झाली; मान मिळाला, मदत नाही. ब्रिटिश सरकार तिबेट आणि चीन यांच्या वादात पडणार नाही, हे त्यांना सांगण्याचे अप्रिय काम सिक्कीमचे राजकीय अधिकारी चार्ल्स बेल यांच्याकडे आले. बेल यांना तिबेटी भाषा उत्तम येत असे. तो निरोप ऐकून दलाई लामा काही क्षण अवाक् झाल्याचे बेल यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. विशेष हे की, याच भेटीगाठींतून दोघांची आजन्म मैत्री जडली. बेल यांनी लिहिलेले दलाई लामांचे चरित्र १९४६ साली प्रसिद्ध झाले आणि तेराव्यांविषयीची आपली बरीचशी माहिती त्या पुस्तकाच्या आधारावर उभी आहे.

भारतातील ही दोन-अडीच वर्षे तेराव्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची होत, असे म्हणण्यास हरकत नाही. या काळात ते बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी या तीर्थांना जाऊन आले. रेल्वे, तारायंत्र, छापखाने, न्यायालये त्यांनी पाहिली. एवढेच करून ते थांबले असते तर सिंहासन गमावून परमुलखात पेन्शनीवर जगणाऱ्या अनेक संस्थानिकांत त्यांची गणना झाली असती. परंतु दार्जिलिंगमध्ये बसून त्यांनी ल्हासातील विश्वासू अधिकाऱ्यांशी गुप्त संधान राखले, पदच्युतीच्या फर्मानाला न जुमानता आज्ञा देणे चालूच ठेवले आणि लढ्याची तयारी करविली. मग ती संधी आली, आणि ती त्यांनी निर्माण केलेली नव्हती. ऑक्टोबर १९११ मध्ये चीनमध्ये क्रांतीचा भडका उडाला. ल्हासातील चिनी शिपायांचे पगार थकले होते; त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केले आणि शहरात लूट मांडली. दलाई लामांनी त्सारोंगला तिबेटात धाडले. ल्हासात गल्लोगल्ली लढाई जुंपली. अखेर १९१२ मध्ये नेपाळच्या वकिलाच्या मध्यस्थीने चिनी फौजेने शस्त्रे ठेवली आणि तिला भारतमार्गे, समुद्रातून स्वदेशी रवाना करण्यात आले.

दलाई लामा जून १९१२ मध्येच कालिम्पोंगहून निघाले होते. परंतु राजधानीत चिनी सैन्य आहे तोवर तेथे पाऊल ठेवायचे नाही, हा त्यांचा निर्धार होता. वाटेतील मठांत मुक्काम करीत त्यांनी कित्येक महिने काढले. दरम्यान चीनचे नवे अध्यक्ष युआन शिकाई यांनी तारेने झाल्या प्रकाराबद्दल खेद कळवून त्यांची पदवी त्यांना परत देऊ केली. चीन सरकारकडून आपल्याला कोणतीही पदवी नको, तिबेटचा धार्मिक व राजकीय कारभार आपणच पाहणार आहोत, असे उत्तर गेले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी ल्हासात प्रवेश केला. बाबिलोनमधून परतलेल्यांना सायरसची सनद लागली होती; इथे सनद देणारे साम्राज्यच कोसळले होते.

१३ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी जो जाहीरनामा काढला, तो तिबेटी लोक आपल्या स्वातंत्र्याची घोषणा मानतात. चीन सरकार अर्थातच ते मान्य करीत नाही, आणि त्या काळी कोणत्याही बड्या राष्ट्राने तिबेटला स्वतंत्र देश म्हणून औपचारिक मान्यता दिली नव्हती, हेही तितकेच खरे. पण राजकीय कलमांपेक्षा त्यातील शेतजमिनीचे कलम अधिक वाचनीय आहे. पडीक सरकारी जमीन जो कसेल त्याला कोणी अडवू नये, तीन वर्षे त्याच्याकडून सारा घेऊ नये आणि जमीन कसणाऱ्याची व्हावी, अशी तरतूद त्यात होती. अपराध्यांचे हातपाय तोडण्याच्या शिक्षाही याच जाहीरनाम्याने बंद केल्या. मायदेशी परतल्यावर प्रजेने सुखाने नांदावे म्हणजे नेमके काय व्हावे, याचा विचार या राजाने दार्जिलिंगच्या मुक्कामात केला असला पाहिजे.

पुढील वीस वर्षे तिबेटने कोणाच्याही फौजेविना काढली, निदान मध्य तिबेटने तरी. १९१३-१४ मध्ये सिमल्याला ब्रिटिश, चिनी व तिबेटी प्रतिनिधींची परिषद झाली. तिबेटतर्फे लोन्चेन शात्रा हे मंत्री कागदपत्रांचे गाठोडे घेऊन उपस्थित होते. चीनने अंतिम करारावर सही करण्याचे नाकारले. परंतु भारत आणि तिबेट यांच्यातील सीमारेषा त्याच काळात आखली गेली. मॅकमोहन रेषा ती हीच. तवांगचा प्रदेश तिच्यामुळे भारताच्या बाजूस आला.

राज्यात त्यांनी नवे वारे खेळविले. चार तिबेटी मुलांना १९१३ मध्ये इंग्लंडला रग्बीच्या शाळेत धाडण्यात आले. त्यांतील रिंगांग याने पुढे ल्हासाजवळ जलविद्युत केंद्र उभारून शहरात दिवे लावले. किबू याच्या वाट्याला तारखाते आले. मोंद्रोंग खाणकाम शिकून आला, पण जमीन खणल्याने भूदेवता कोपतील या भिक्षूंच्या विरोधापुढे त्याच्या कुदळीचे काही चालले नाही. चौथा गोंगकार सैन्यात गेला आणि अकालीच वारला. १९१६ साली ल्हासात वैद्यक व ज्योतिषाचे विद्यालय स्थापन झाले. टपाल तिकिटे निघाली, नोटा निघाल्या. १९२२ मध्ये ग्यान्त्से ते ल्हासा तारेने जोडले गेले. दोन ऑस्टिन आणि एक डॉज अशा तीन मोटारी सुटे भाग करून हिमालयापलीकडे नेण्यात आल्या, रस्ते मात्र नव्हते. स्वतः दलाई लामांची दिनचर्या कडक होती. कागदपत्रे ते रात्री उशिरापर्यंत वाचीत. विरंगुळा म्हणजे नोर्बुलिंग्का या उन्हाळी महालातील बाग. फुलझाडे आणि पशुपक्षी यांचा त्यांना विलक्षण नाद होता.

इतके सांगितल्यावर त्यांच्या अपयशाकडे वळणे भाग आहे, कारण त्याचा हिशेब पुढच्या पिढ्यांना चुकवावा लागला. देश राखायचा तर आधुनिक सैन्य हवे, आणि सैन्य हवे तर पैसा हवा. सर्वाधिक जमिनी मठांकडे आणि सरदारांकडे होत्या. कर वाढताच मठ बिथरले. ल्हासाभोवतीच्या तीन महान मठांतील हजारो भिक्षूंना इंग्रजी पद्धतीचे गणवेश घातलेले शिपाई डोळ्यांसमोर नको होते. ग्यान्त्सेला १९२३ मध्ये उघडलेली इंग्रजी शाळा १९२६ मध्ये बंद पडली. लष्करी अधिकारी सत्ता बळकावतील अशी शंका दलाई लामांच्या मनात भरविण्यात आली आणि १९२५ मध्ये ज्याने चाकसामच्या उतारावर त्यांचा जीव वाचविला होता त्या त्सारोंगलाच सेनापतिपदावरून दूर व्हावे लागले. सुधारणेचा गाडा तेथेच रुतला. राजा सर्वसत्ताधीश होता, तरी धर्मपीठाविरुद्ध जाणे धर्मपीठावर बसलेल्या माणसाला जमले नाही.

याहून क्लेशकारक प्रकरण पंचेन लामांचे. शिगात्सेच्या ताशिलुन्पो मठाचे हे अधिपती, तिबेटी श्रद्धेत दलाई लामांच्या खालोखालचे. सैन्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा त्यांनी द्यावा, असा ल्हासाचा आग्रह होता. वाद विकोपाला गेला आणि डिसेंबर १९२३ मध्ये पंचेन लामा रातोरात देश सोडून चीनकडे निघून गेले. दोनदा परागंदा झालेल्या राजाच्या राज्यातून दुसरा धर्मगुरू परागंदा व्हावा, यासारखी विटंबना नाही. त्यांना परत आणण्याची बोलणी अनेक वर्षे चालली. पंचेन लामा तिबेटच्या सीमेपर्यंत आले, पण १९३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्याभोवती चिनी सरकारने उभा केलेला गोतावळा पुढे बीजिंगच्या फार उपयोगी पडला.

१९३२ साली दलाई लामांनी आपल्या अधिकाऱ्यांना व प्रजेला उद्देशून तो प्रसिद्ध इशारा लिहिला. मंगोलियात काय घडत आहे याची खबर त्यांना होती. ज्या उर्ग्यात त्यांना आश्रय मिळाला होता तेथे आता साम्यवादी राजवट आली होती. धर्मगुरूच्या नव्या अवताराचा शोध घेण्यास बंदी झाली होती, मठांची मालमत्ता जप्त होत होती, भिक्षूंना सैन्यात भरती केले जात होते. हेच एक दिवस तिबेटवर ओढवेल, बाहेरून येईल किंवा आतून उगवेल, असे त्यांनी लिहिले. वेळीच सावध झाले नाही तर मठ लुटले जातील, अवतारी लामांची नावनिशाणी राहणार नाही, अधिकाऱ्यांची वतने जातील आणि सामान्य माणसे भीतीच्या छायेत दिवस कंठतील, असे त्या लेखाचे तात्पर्य. दोन्ही शेजाऱ्यांशी, भारत आणि चीन यांच्याशी, सलोखा ठेवून सीमेवर सक्षम सैन्य ठेवावे, असा उपायही सांगितला होता. आपण आता फार काळ नाही, हेही सूचित केले होते.

या लेखाला भविष्यवाणी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो सर्वस्वी योग्य नाही. त्यात दिव्य दृष्टीपेक्षा बातम्यांचे वाचन अधिक आहे. पण मग यहुदी संदेष्ट्यांचे तरी काय होते? बाबिलोनचे सैन्य कोठवर आले आहे हे यिर्मयाला दिसत होते आणि जेरुसलेमच्या दरबाराला दिसत नव्हते. फरक इतकाच की, यिर्मयाच्या हाती सत्ता नव्हती. तेराव्यांच्या हाती ती होती, आणि तरीही इशारा देण्यापलीकडे त्यांना फारसे काही करता आले नाही.

१७ डिसेंबर १९३३ रोजी, अल्पशा आजारानंतर, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. सत्तेसाठी झुंज लगेच सुरू झाली. त्यांच्या अखेरच्या काळातील लाडका सेवक हद्दपार झाला. रग्बीच्या मुलांना घेऊन विलायतेला गेलेला, सुधारणेचा पुरस्कर्ता लुंगशार हा १९३४ मध्ये पकडला गेला आणि त्याचे डोळे काढण्यात आले. अवयव तोडण्याच्या शिक्षा बंद करणारा जाहीरनामा निघून २१ वर्षे झाली होती. सैन्य दुबळेच राहिले. ऑक्टोबर १९५० मध्ये चीनच्या लाल सेनेने चामडो घेतले, १९५१ मध्ये सतरा कलमी करार झाला आणि १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव होऊन तो चिरडला गेला.

त्या महिन्यात चौदावे दलाई लामा वेषांतर करून ल्हासातून निसटले आणि ३१ मार्च १९५९ रोजी तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. ज्या रेषेपलीकडे पाठलाग थांबला, ती सिमल्यात तेराव्यांच्या मंत्र्याने मान्य केलेली रेषा होती. त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. भारत सरकारने आणि राज्य सरकारांनी त्यांना जमिनी दिल्या. कर्नाटकात बैलकुप्पे, त्या वेळच्या मध्य प्रदेशात मैनपाट आणि १९७२ मध्ये भंडारा जिल्ह्यात नॉर्गेलिंग अशा वसाहती उभ्या राहिल्या. पूर्व विदर्भातील जंगलकाठच्या जमिनीवर या लोकांनी घरे बांधली, शाळा काढली, गोम्पा उभारला, मुलाबाळांची लग्ने लावली. यिर्मयाच्या पत्रातील जवळपास प्रत्येक सूचना त्यांनी ते पत्र न वाचताही पाळली. त्यातील सत्तर वर्षांचा हिशेब १९५९ पासून धरला, तर तो २०२९ मध्ये पुरा होतो.

तेरावे दलाई लामा अडीच वर्षांत परतले, कारण त्यांच्यासमोरचे साम्राज्य मोडकळीस आलेले होते. चौदाव्यांसमोर तसे साम्राज्य नाही. त्यांनी १९८० च्या दशकातच पूर्ण स्वातंत्र्याऐवजी चीनअंतर्गत स्वायत्ततेचा मध्यममार्ग मांडला आणि २०११ मध्ये राजकीय अधिकार निर्वाचित नेतृत्वाकडे सोपविले. वसाहतींतील नव्या पिढीपुढचा प्रश्न याहून रोजचा आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी हे जन्माने भारतीय नागरिक ठरतात, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. नागरिकत्व घेतले की पासपोर्ट मिळतो, मतदार यादीत नाव येते, जमीन विकत घेता येते. ते घेतले तर परतीवरचा आपला हक्क सुटेल का, यावर तिबेटी समाजात एकमत नाही. काहींनी पासपोर्ट घेतला आहे, अनेकांनी निर्वासिताचे नोंदणीपत्र तसेच ठेवून त्याचे नूतनीकरण चालू ठेवले आहे.